किल्ली दाराजवळ टांगा

प्रिय ताई,

मी ४३ वर्षांची आहे. पुण्याच्या नारायण पेठेत एका सीए सरांच्या ऑफिसात चौदा वर्षं अकाउंट्स बघते. धायरीहून ॲक्टिव्हावर येते, दहाला खुर्चीत बसते ती साडेसहाला उठते. जीएसटीच्या तारखा आल्या की आठ वाजतात आणि टॅक्स ऑडिटच्या सप्टेंबरबद्दल तर बोलायलाच नको. संध्याकाळी पायांवर चपलेच्या पट्ट्याचे वण उठलेले असतात, कंबर धरलेली असते, मान आखडलेली असते. परवा सहज रक्त तपासलं तर एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ५.९ आलं. उंची पाच फूट दोन, वजन ५२, घरात गोडधोड फारसं होत नाही, तरीही. डॉक्टर म्हणाले, "चालत जा, एका जागी बसून राहू नका." शनिवार-रविवार मी पर्वती चढते. ते पुरत नाही का?

ऑफिसात उठायचं म्हटलं तर सर चष्म्यावरून बघतात. एकदा पॅसेजमध्ये दोन फेऱ्या मारल्या, तर आर्टिकलची, म्हणजे सीए व्हायला शिकणारी, मुलं "मॅडमची शतपावली सुरू" म्हणून हसली. बाथरूम जिन्याच्या खालच्या वळणावर आहे आणि त्याची किल्ली सरांच्या टेबलामागे. सारखं कोण मागणार, म्हणून मी पाणीच कमी पिते. मुलाने मनगटाला घड्याळ बांधलंय, ते तासातासाला थरथरतं. ते मी बंद करून टाकलं. दोन-दोन मिनिटं उठून खरंच काही होतं का? की सरळ ते वर-खाली होणारं टेबल घेऊ?

— खुर्चीला चिकटलेली, धायरी

नमस्कार,

तुमचं पत्र वाचताना मी साखरेच्या आकड्यापाशी थांबले नाही, किल्लीपाशी थांबले. एका बाईला दिवसभरात हक्काने उठायला लावणारी एकच गोष्ट त्या ऑफिसात उरली आहे आणि तिच्या वाटेवर सरांचं टेबल आहे. मग तुम्ही उठत नाही यात आश्चर्य ते काय?

चौदा वर्षांपूर्वीचं तुमचं ऑफिस आठवून बघा. व्हाउचरची फाइल कपाटात असायची. क्लायंट बिलांची पिशवी घेऊन यायचा, त्याच्याशी बोलायला दारापर्यंत जावं लागायचं. चलन भरायला कुणीतरी बँकेत पळायचं. आता बिलं व्हॉट्सॲपवर येतात, चलन स्क्रीनवर भरतं, प्रिंटर कोपराला लागून, पाण्याची लिटरची बाटली समोर, चहासुद्धा टेबलावर. प्रत्येक सोय करताना कुणीतरी तुमचं एकेक उठणं काढून घेतलं आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. त्यामुळे "मीच आळशी झाले" हे मनातून काढून टाका. ऑफिसची मांडणीच अशी झाली आहे की माणसाने बसून राहावं. म्हणून मी तुम्हाला व्यायामाचं वेळापत्रक देणार नाही. मांडणी थोडी बिघडवायला सांगणार आहे.

सुरुवात किल्लीपासून. दाराच्या चौकटीला एक खिळा ठोका आणि उद्यापासून किल्ली तिथे टांगा. सरांना विचारायचं नाही, सांगायचं: "सर, बाथरूमची किल्ली दाराजवळ लावतेय, सगळ्यांनाच सोयीचं होईल." यावर नाही म्हणणारा माणूस मला तरी पेठेत भेटलेला नाही. आणि पाणी प्या. किल्लीच्या संकोचापायी दिवसभर पाणी कमी प्यायचं आणि लघवी तुंबवून ठेवायची, हे मी ऑफिसात जाणाऱ्या बायकांकडून इतक्यांदा ऐकते की आता रागच येतो. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुपारची डोकेदुखी या सगळ्यांना ते आवतण आहे. शिवाय तुमचं बाथरूम जिन्याच्या वळणावर आहे. ती अडचण वाटते खरी, पण दर खेपेला पायऱ्या उतरणं-चढणं होतं, आणि पायऱ्यांचं महत्त्व काय ते आता सांगते.

१९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. बस तीच, पगाराचा आणि राहणीचा थर साधारण सारखाच. फरक एवढाच की चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दिवसभर जिना वर-खाली करणारा. हृदयविकाराचं प्रमाण चालकांमध्ये जास्त निघालं. शंकेखोर माणूस विचारेल, चालक आधीपासूनच जाड नसतील कशावरून? मॉरिस स्वतःच शंकेखोर होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पुढे गणवेशाच्या मापांच्या नोंदी काढून चालक-वाहकांच्या कमरेचे घेर तपासले आणि चालकांचे घेर मोठे होते हेही प्रामाणिकपणे १९५६ मध्ये छापलं. म्हणजे प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. तरी बसून राहण्याकडे शास्त्र गांभीर्याने बघायला लागलं ते तिथून. (आपल्या पीएमपीच्या वाहकाला जिना नाही, पण गर्दीतून वाट काढताना जे होतं त्याचंही कुणीतरी माप घ्यायला हवं.)

आता तुमच्या चपलेच्या वणाकडे येऊ. पायांतलं रक्त वर हृदयाकडे न्यायला शिरांमध्ये एका दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, पण रक्त ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पोटरी म्हणजे पायातला हापसा: दांडा हलला तर पाणी चढतं, नाहीतर नाही. खुर्चीत आठ तास दांडाच हलला नाही की रक्त आणि द्रव घोट्यापाशी साचतात आणि पट्ट्याचा वण उठतो. संध्याकाळी पाय भिंतीला टेकवून दहा मिनिटं पडलात तर बरं वाटेल, जरूर पडा. पण हापसा दिवसा चालवावा लागतो.

साखरेचंही तसंच. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातली साखर आत ओढून घेतात, आणि या कामी त्यांना इन्सुलिनवर फारसं अवलंबून राहावं लागत नाही. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे आणि नितंबांचे. पोळी-भाजी, वरण-भात खाऊन तुम्ही परत खुर्चीत बसता, म्हणजे साखर रक्तात उतरायच्या वेळेलाच तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक झोपवून ठेवता.

"वजन ५२, तरीही" असं तुम्ही लिहिलंत. या "तरीही"चं उत्तर तुमच्या ऑफिसपासून फार लांब नाही, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात आहे. तिथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी एकच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ दिसणारे आपण आतून तसे असतोच असं नाही. स्नायू कमी आणि चरबी जास्त, हा आपल्याकडचा नेहमीचा नमुना. म्हणून वजनकाट्याने दिलेली शाबासकी फार मनावर घेऊ नका. एचबीए१सी ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा आहे. तुम्ही त्यात आहात, पण अलीकडच्या टोकाला आहात. घाबरू नका, आणि दुर्लक्षही करू नका.

दोन-दोन मिनिटांनी काय होतं, हा तुमचा मूळ प्रश्न. २०१२ साली ऑस्ट्रेलियात जास्त वजनाच्या १९ माणसांना दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चालायला लावलं. जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही, सलग बसलेल्या दिवसापेक्षा कमी राहिले, आणि अगदी सावकाश चालूनही राहिले. २०२३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने वेगवेगळे हिशेब लावून पाहिले: दर अर्ध्या तासाने एक मिनिट, पाच मिनिटं, दर तासाने एक मिनिट, पाच मिनिटं. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखरेची उसळी ५८ टक्क्यांनी कमी झाली. अर्ध्या तासाने एकच मिनिट चालल्यावरही थोडा फायदा दिसला. तासाने एकदा उठल्यावर साखरेत फरक दिसला नाही. रक्तदाब मात्र कसंही उठलं तरी ४-५ अंकांनी उतरला. तुम्ही हिशेबाच्या माणूस आहात, म्हणून हेही सांगायला हवं की त्या प्रयोगात फक्त ११ जण होते आणि मोजमाप एकेका दिवसाचं होतं. त्यावरून "तुमचं एचबीए१सी अमुक इतकं उतरेल" असा ताळेबंद मांडता येत नाही. पण कल कुठे आहे तो स्पष्ट दिसतो: बसणं वरचेवर मोडण्याला स्वतःची अशी किंमत आहे. आणि तासाला थरथरणारं घड्याळ बंद केलंत म्हणून फार हळहळू नका. साखरेपुरता तो तसाही उशिराचा गजर होता.

पर्वती सोडू नका. १०३ पायऱ्या ४३व्या वर्षी चढता याचं मला कौतुक आहे. पण ती पुरते का, याचं उत्तर नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. २०१६ साली दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचं एक विश्लेषण 'लॅन्सेट'मध्ये आलं. आठ तासांहून जास्त बसल्याने वाढणारा मृत्यूचा धोका जवळपास पुसायचा तर रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम लागतो, असं त्यात निघालं. रोज सव्वा तास, नोकरी, दोन वेळचा स्वयंपाक आणि सिंहगड रोडची वाहतूक सांभाळून? ज्यांना जमतं त्यांनी करावा. तुमच्यासारख्या बाईला मी तो उपदेश करणार नाही. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक सोयीची गोष्ट केली: हालचाल सलग दहा मिनिटांची असली तरच धरायची, ही जुनी अट काढून टाकली. आता प्रत्येक सुटं मिनिट जमेच्या बाजूला लिहिता येतं.

मग ही मिनिटं आणायची कुठून? घड्याळाची युक्ती तुम्हाला का जमली नाही ते मला कळतं. बँकेचं रिकन्सिलिएशन अर्ध्यावर असताना, बोट एका रकमेवर ठेवलेलं असताना मनगट थरथरलं तर कुणालाही ते उपटून फेकावंसं वाटेल. कामाला स्वतःचे सांधे असतात, तिथे उठावं. तुमच्या कामात ते भरपूर आहेत. ओटीपीसाठी क्लायंटला फोन लावलात की उभ्या राहा, आणि त्याला तो ओटीपी सापडून तो वाचून दाखवेपर्यंत बसू नका. ज्यांना मेसेज कुठे दिसतो हेच माहीत नसतं असे क्लायंट आता तुमच्या आरोग्याला हातभार लावतील. वीस तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर ते चक्र गरगरत बसतं, त्या वेळात तुम्ही आत्तापर्यंत काय करत होतात? स्क्रीनकडे रोखून बघत बसत होतात. बघून ते लवकर थांबत नाही. उठा, खिडकीपर्यंत जा, समोरच्या वाड्याच्या कौलांकडे बघा. डोळ्यांनाही तेच हवं असतं: दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद नजर. स्क्रीनसमोर पापण्या कमी लवतात, संध्याकाळी डोळे चुरचुरतात त्याचं एक कारण ते.

काही वस्तू मुद्दाम लांब ठेवा. डिजिटल सहीचे टोकन तुमच्या ड्रॉवरमध्ये असतील, असा माझा अंदाज आहे. तो डबा समोरच्या भिंतीवरच्या कपाटात हलवा. प्रत्येक रिटर्नला एक फेरी आपोआप होईल. लिटरची बाटली घरी परत न्या आणि टेबलावर फुलपात्र ठेवा. ते संपलं की फिल्टरपर्यंत जावंच लागेल. शेजारच्या टेबलाशी व्हॉट्सॲपवर बोलणं बंद करा, उठून जा. आणि चहा. अकराला आणि चारला अमृततुल्यचा मुलगा किटली घेऊन येतो ना? त्याच्या हातून ग्लास दारातच घ्या आणि उभ्यानेच प्या. उभं राहून चहा पिणाऱ्या माणसाला पुण्यात कुणी "काय करताय" विचारत नाही.

जेवणानंतरची पाच-दहा मिनिटं मात्र मला खरोखरीची चालण्याची हवी आहेत, कारण साखर चढते ती तेव्हा. डबा धुतला की चप्पल घाला आणि पत्र्या मारुतीपर्यंत किंवा केसरीवाड्यापर्यंत जाऊन या. वेग नको, घाम नको. पाऊस असेल किंवा एप्रिलमधलं दीडचं ऊन असेल तर तुमचा पॅसेज आहेच. गाडी लांब लावून चालत या, असा सल्ला लोक देतात. पेठेत नोकरी करणाऱ्यांना तो वेगळा द्यावा लागत नाही.

उभं राहिल्यावर काय करायचं, तेही सांगते. साडीत किंवा सलवार-कमीजमध्ये, दोन रॅकच्या मधल्या बोळात, कुणाच्या फारसं लक्षात न येता जमेल एवढंच.

प्रिंट निघत असेल तेव्हा एक हात रॅकला लावून टाचा सावकाश वर, सावकाश खाली, पंधरा-वीस वेळा. हा तुमचा हापसा, आणि दुसरं काही जमलं नाही तरी हे करा. ज्या दिवशी उठणं शक्यच नसेल त्या दिवशी बसल्या जागी टाचा टेकवून चवडे उचला, मग चवडे टेकवून टाचा. उभं राहण्याइतकं नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरंच बरं. दुसरं, हात न टेकता खुर्चीतून उठणं आणि बसणं, आठ-दहा वेळा. यात मांड्यांचे स्नायू कामाला लागतात. फक्त तुमची खुर्ची चाकांची असेल, तर ती आधी भिंतीला टेकवा. खुर्ची मागे सरकून खाली आपटलेल्यांची हाडं मी जोडलेली नसली तरी त्यानंतरचे माकडहाड दुखणारे रुग्ण भरपूर पाहिलेत. गुडघे कुरकुरत असतील तर टेबलाला हलका हात लावायला हरकत नाही.

कमरेसाठी: उभ्या राहून दोन्ही तळवे कमरेच्या मागच्या बाजूला ठेवा आणि हळूच मागे झुका, पाच-सहा वेळा. दिवसभर पुढे वाकून बसलेल्या पाठीला उलट दिशा हवी असते. बरेच जण तासभर बसून उठले की पटकन वाकून पायाचे अंगठे धरतात, ते नको. आणि एक गोष्ट खास तुमच्या ऑफिससाठी. तास-दोन तास बसून उठल्या उठल्या जुन्या व्हाउचरचा गठ्ठा किंवा बॉक्स फाइलींची चळत उचलू नका. खूप वेळ बसल्यावर कण्याचे अस्थिबंध ताणून सैल झालेले असतात आणि त्यांना पूर्ववत व्हायला थोडा अवधी लागतो. आधी चार पावलं चाला, मग उचला. त्याहून बरं म्हणजे आर्टिकलच्या पोरांना उचलायला सांगा. शिकायलाच आलीत ना ती?

मानेला गरागरा फिरवू नका. हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे न्या, तीन आकडे थांबा, सोडा. दुहेरी हनुवटी दिसेल, दिसू दे. मग खांदे कानांपर्यंत उचलून सोडून द्या आणि पाठीचे दोन्ही फरे एकमेकांकडे ओढा. एवढ्याने मान संध्याकाळपर्यंत बरीच ऐकते. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आहे का तेही एकदा बघा. लॅपटॉप असेल तर बहुधा ती वीतभर खाली असते.

खुर्ची मुळात वाईट नसते. याच शहरात बी. के. एस. अय्यंगारांनी घडीच्या लोखंडी खुर्चीची पाठ काढून तिला आसनांचं साधन बनवलं आणि ती पुढे जगभर गेली. तुम्हाला तेवढं करायची गरज नाही. खुर्ची अधूनमधून रिकामी करा, म्हणजे झालं.

राहिले सर आणि पोरं. माझा अनुभव असा की चष्म्यावरून बघणाऱ्या निम्म्या साहेबांना आपण बघतोय हेच माहीत नसतं. तरी तुमच्या मनात ते घर करून बसलंय, तर एकदा बोलून टाका. परवानगीच्या सुरात नको. "सर, शुगर बॉर्डरला आलीय. डॉक्टरांनी एका जागी बसून राहू नका म्हटलंय. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं उठेन, काम अडणार नाही." चौदा वर्षं ज्यांना तुम्ही सप्टेंबर काढून दिलेत त्यांना हे ऐकवायचा अधिकार तुम्हाला आहे. फक्त उत्साहाच्या भरात "याने माझं काम वाढेल" असं आश्वासन देऊ नका. २०२२ साली अशा छोट्या विश्रांतींवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. दहा मिनिटांच्या आतल्या विश्रांतीने थकवा कमी होतो आणि तरतरी येते हे दिसलं, पण कामगिरी वाढते असं एकंदरीत ठामपणे दिसलं नाही. तुमची तब्येत हे कारण पुरेसं आहे, त्याला उत्पादकतेचं ठिगळ कशाला?

सरांना सरकारी शिक्का लागत असेल तर तोही आहे. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये नोकरदारांसाठी 'वाय-ब्रेक' नावाचं मोबाइल ॲप काढलं. त्यात पाच मिनिटांत ताडासन, कटिचक्रासन अशी सोपी आसनं, शेवटी प्राणायाम आणि थोडं ध्यान आहे. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना ते वापरायची शिफारसही केली. त्यातली उभ्याने करायची आसनं छान आहेत. भ्रामरी मात्र तुमच्या ऑफिसात, तीही वीस तारखेला, करायची की नाही ते तुम्ही ठरवा.

मुलं हसली, तर आठवडाभर हसतील. एकवीस-बावीस वर्षांची मुलं दिवसभर मान खाली घालून फोन आणि लॅपटॉप यांच्यात असतात. त्यांच्याही माना दुखत असणार, फक्त ती बोलत नाहीत. पुढच्या वेळी जेवणानंतर निघताना त्यांतल्या सगळ्यात जास्त हसणाऱ्याला म्हणा, "चल रे, केसरीवाड्यापर्यंत जाऊन येऊ." तो आला तर बाकीचे येतील. नाही आला, तर तुम्ही एकट्या जाऊन या.

थोडं डॉक्टरांच्या अखत्यारीतलं. दोन्ही पाय संध्याकाळी सुजून सकाळी उतरत असतील, तर वर लिहिलेलं करून बघा. पण सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल, गरम किंवा लालसर वाटत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. शिरेत गुठळी झालेली असू शकते. सकाळीही सूज राहत असेल, धाप लागत असेल, तरी थांबू नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तेही सांगा, काही गोळ्यांनी घोटे सुजतात. कंबरेची कळ पायात खाली उतरून मुंग्या येत असतील किंवा पाय बधिर वाटत असेल, तर माझे हे व्यायाम बाजूला ठेवून आधी तपासून घ्या. लघवी-शौचावरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं तर थेट रुग्णालय. एचबीए१सी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणून पुढच्या महिन्यात उतावीळपणे तपासू नका. डॉक्टर म्हणतील तेव्हा, बहुधा तीन महिन्यांनी, करा.

आता ते टेबल. घेऊ नका, निदान आत्ता तरी. त्यावर लोक पहिले आठ दिवस हौसेने उभे राहतात आणि मग ते नेहमीचं टेबल होतं. शिवाय नुसतं ताटकळत उभं राहणं म्हणजे हालचाल नव्हे. तासन्‌तास उभं राहणाऱ्यांनाही पाय सुजण्याचा आणि शिरा फुगण्याचा त्रास होतोच. उभ्याने काही वाचायचं असेल तर कमरेएवढ्या उंचीचं फायलींचं कपाट आहे, त्यावर कागद पसरा.

टेबलाच्या पैशातले थोडे खर्च करायचेच असतील तर खुर्चीची उंची एकदा नीट करून घ्या. पाच फूट दोनच्या बाईसाठी ऑफिसातली खुर्ची जवळजवळ नेहमीच उंच असते. मग पाय अधांतरी लोंबतात, मांडीखालची कड रुतते आणि घोट्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या रक्ताची आणखी अडवणूक होते. पावलं पूर्ण टेकली पाहिजेत. सीएच्या ऑफिसात जुन्या वर्षांच्या कराच्या जाडजूड पुस्तकांना तोटा नसतो, ती पायाखाली बरोबर उंचीची होतात. पण पुस्तकाला पाय लावायला तुमचं मन धजणार नाही, माझंही धजत नाही. घरातला एखादा जुना लाकडी पाट घेऊन जा.